कोर्रालितो (स्पॅनिश) – या शब्दाचा बँकेशी काय संबंध? अर्थ आणि उगम

पालवी:
नमस्कार मंडळी. स्पॅनिश शिकतेय, आता बातम्या वाचण्याइतपत गाडी आलीये. सरावासाठी म्हणून २०१५ सालच्या ग्रीसच्या बातम्या काढल्या होत्या, स्पेनच्या पेपरांतल्या, तर त्यात जिथेतिथे "कोर्रालितो ग्रिएगो" असं दिसलं. ग्रिएगो म्हणजे ग्रीक हे ठाऊक आहे, पण कोर्रालितो डिक्शनरीत बघितलं तर पहिला अर्थ गुरांचं छोटं आवार! आणि खाली बातमी काय, तर बँका बंद, एटीएमसमोर रांगा, माणशी दिवसाला फक्त ६० युरो काढता येणार. गुरांच्या आवाराचा आणि एटीएमचा संबंध काही लागेना. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, अर्जेंटिनातून आलाय, मोठी गोष्ट आहे, शोधून वाच. म्हटलं आधी इथे विचारावं, इथे भाषावाले पण आहेत आणि बँकवाले पण. शब्द आला कसा, आणि स्पेनच्या पेपरांनी ग्रीसला अर्जेंटिनाचा शब्द का लावला?

रानजाई:
भाषेपुरतं मी सांगते, पैशाचं जाणकार सांगतील.

कोर्राल म्हणजे कुंपण घातलेली उघडी जागा, मुख्यतः जनावरं ठेवायची. आपला कोंडवाडा म्हण किंवा गोठ्यापुढचं आवार म्हण. मूळ शब्द लॅटिनमधल्या 'कुर्रुस'शी, म्हणजे रथ किंवा गाडी याच्याशी जोडतात, गाड्या उभ्या करायची नाहीतर पळवायची जागा, मग नुसतीच बंदिस्त जागा, पण यावर भाषावाल्यांचं पूर्ण एकमत नाहीये. पोर्तुगीजमध्ये तोच शब्द कुर्राल, आणि तिथून दक्षिण आफ्रिकेत डच लोकांकडे जाऊन त्याचा 'क्राल' झाला. स्पेनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात नाटकं पण कोर्रालमध्ये व्हायची, म्हणजे घरांच्या मधल्या बंदिस्त अंगणात, आल्माग्रो गावातलं असं एक नाट्यगृह अजून उभं आहे आणि तिथे प्रयोगही होतात.

-इतो हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. पेर्रो कुत्रा, पेर्रितो कुत्र्याचं पिल्लू. कासा घर, कासिता घरकुल. आपल्याकडे हे काम पुष्कळदा लिंग बदलून होतं, डबा-डबी, लोटा-लोटी, पळा-पळी. पण स्पॅनिशमधला -इतो नुसता आकार लहान करत नाही, त्यात माया असते, आर्जव असतं. कॉफी विचारताना 'काफेसितो' म्हणतात तेव्हा कप छोटाच हवा असतो असं नाही. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

हिशेबनीस:
वा रानजाई, छान. वाचतोय.

लाप्लाताकाठी:
पालवी, धागा बघून राहवलं नाही. मी ब्युनोस आयर्सला राहते, नवरा इथलाच. मी इथे आले तोवर ते सगळं होऊन गेलं होतं, पण आमच्या घरात आजही हा शब्द निघाला की सासूबाईंचा आवाज बदलतो, त्यामुळे मला तो पुस्तकातून कळला नाही, जेवणाच्या टेबलावर कळला.

आधी तारीख. १ डिसेंबर २००१, शनिवार. अर्थमंत्री होते दोमिंगो काव्हालो आणि राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो दे ला रुआ. त्या दिवशी १५७०/२००१ नंबरचा हुकूम निघाला की सोमवारपासून बँकेतून रोख रक्कम आठवड्याला फक्त २५० पेसो काढता येईल. देशाबाहेर पैसे पाठवणं जवळपास बंद. तेव्हा कायद्याने १ पेसो म्हणजे १ डॉलर होता, म्हणजे २५० डॉलरच समजा. ब्युनोस आयर्ससारख्या महाग शहरात घरभाडं, डॉक्टर, दुकानदार, कामाला येणाऱ्या बाई, सगळं त्यात बसवायचं. आणि स्वतःच्याच पैशातून.

आता शब्द. इथल्या माणसाला कोर्रालितो म्हटलं की गुरं आठवतच नाहीत. इथे कोर्रालितो म्हणजे रांगत्या बाळाला ठेवायचं जाळीचं चौकोनी कुंपण, आत गादी, चार खेळणी, आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतं बघ, प्लेपेन म्हणून. घरोघरी असायचं. आणि हुकूम नीट वाचला तर शब्द किती नेमका आहे ते कळतं. पैसे गोठवले नव्हते! या बँकेतून त्या बँकेत न्या, चेक द्या, डेबिट कार्ड वापरा, कितीही वापरा, मनाई नाही, उलट डेबिट कार्डाने खरेदी केली तर व्हॅटमधले काही टक्के परत मिळायचे. मनाई एकच, नोटा होऊन बाहेर पडायचं नाही. म्हणजे बाळ आत हवं तेवढं रांगू दे, बसू दे, उठू दे, कुंपणाबाहेर मात्र नाही. तुम्हाला ते दिसतंय, तुमचंच आहे, पण उचलता येत नाही.

हा शब्द सरकारी कागदात कुठेच नव्हता. तो रूढ करायचं श्रेय साधारणपणे आन्तोनियो लाखे या टीव्हीवरच्या आर्थिक पत्रकाराला देतात. आणि मग तो असा पसरला की दोनतीन दिवसांत मंत्री सोडून सगळा देश तोच बोलत होता.

पालवी:
अगं बाई, बाळाचं कुंपण! आता डोक्यात प्रकाश पडला. माझ्या डिक्शनरीत तो अर्थ खाली दुसऱ्या ओळीत होता, मी गुरांपाशीच थांबले. ताई, सासूबाईंचं सांगाल का अजून, त्यांची हरकत नसेल तर?

हिशेबनीस:
मधे घुसतो, कारण "सरकारने असं केलंच का" हे सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. बँकेत नोकरी केली आहे, अर्जेंटिनाचं प्रकरण आमच्या ट्रेनिंगमध्ये उदाहरण म्हणून असायचं.

१९८९ साली तिथे महागाई वर्षाला ३००० टक्क्यांच्या वर गेली होती. सकाळचा भाव संध्याकाळी नाही. त्यावर उपाय म्हणून १९९१ मध्ये याच काव्हालो साहेबांनी कायदा आणला, १ पेसो = १ डॉलर, आणि जेवढे पेसो छापायचे तेवढ्याला डॉलरचा आधार पाहिजे. महागाई खरंच थांबली. लोक खूष, परदेशी वाऱ्या, आयात वस्तू, आणि बँका पण पेसो आणि डॉलर दोन्हीत ठेवी घ्यायला लागल्या, कर्जं पण डॉलरमध्ये द्यायला लागल्या. गोम इथेच आहे. कर्ज डॉलरचं, पण घेणाऱ्याची कमाई पेसोची. न्हावी, शिक्षक, दुकानदार, यांना डॉलर कोण देतंय? जोवर एकास एक टिकतंय तोवर सगळं छान. पण १९९८ पासून मंदी आली, जानेवारी १९९९ मध्ये शेजारच्या ब्राझीलने आपल्या चलनाची किंमत पाडली, अर्जेंटिनाचा माल महाग पडायला लागला, सरकारचं कर्ज वाढत गेलं. लोकांना वास आला की एकास एक टिकत नाही. मग २००१ भर ठेवी काढणं सुरू, नोव्हेंबरअखेर तर झुंबड. आणि कुठल्याही देशात कुठल्याही बँकेत सगळ्यांचे पैसे एकाच वेळी रोख नसतात हो, ते कर्जात गेलेले असतात. तिथे तर त्यांच्या मध्यवर्ती बँकेला नोटा छापून मदत करायची पण सोय नाही, कारण ठेवी डॉलरच्या आणि डॉलर छापतो अमेरिका.

म्हणून कुंपण. आणि मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? त्याच वर्षी, २००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, तिथे "ठेवी अस्पर्श आहेत, सरकार त्यांना हात लावू शकत नाही" असा खास कायदा केला होता, २५४६६ नंबरचा. तो होऊन तीन महिने पण झाले नव्हते.

उंबरठा:
बापरे. हा कायद्याचा भाग माहीतच नव्हता.

लाप्लाताकाठी:
हिशेबनीस दादा, अगदी बरोबर. आणि लोकांना हे नवीन पण नव्हतं. जानेवारी १९९० मध्ये इथे सरकारने लोकांच्या मुदत ठेवी उचलून त्यांच्या हातात दहा वर्षांचे बाँड ठेवले होते, बोनेक्स म्हणतात त्याला. म्हणजे पोळलेलेच लोक होते.

पालवी, सासूबाईंना विचारलं, म्हणाल्या सांग, लपवायसारखं काही नाही. त्या शाळेत शिक्षिका होत्या, काबाइतो भागात राहायच्या. सासरे वारल्यावर त्यांचं दुकान विकून आलेले पैसे डॉलरच्या मुदत ठेवीत टाकलेले. शनिवारी रात्री टीव्हीवर ऐकलं आणि सोमवारी उजाडायच्या आत बँकेत गेल्या तर रांग कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या गल्लीत. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले, मातेचा थर्मास (माते म्हणजे इथला वाळवलेला पाला, त्यावर गरम पाणी ओतून नळीने पितात), कोणी विणकाम करतंय. त्यांच्या पुढे एक आजोबा होते, त्यांना डेबिट कार्ड म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, आयुष्यभर पासबुकावर पेन्शन काढलेली, त्यांना तिथल्या मुलीने कार्ड दिलं आणि पिन नंबर सांगितला तर ते तो मोठ्याने पाठ करायला लागले, सगळी रांग ऐकतेय. सासूबाईंनी त्यांना बाजूला घेऊन नंबर कागदावर लिहून दिला आणि कागद चष्म्याच्या घरात ठेवा म्हणून सांगितलं. हे त्या दर वेळी सांगतात. पैशाचं नंतर सांगतात, आधी त्या आजोबांचं.

आणि ज्यांचं बँकेत खातंच नव्हतं त्यांचं काय झालं हे लोक विसरतात. इथे कितीतरी लोक रोखीवर काम करायचे, घरकाम, बांधकाम, फेरीवाले, भंगार गोळा करणारे. मालकाकडे रोख नाही म्हटल्यावर यांचा पगार पहिला थांबला. सासूबाईंकडे कामाला यायच्या त्या बाईंना चेक देऊन काय उपयोग, त्यांचं खातं कुठे होतं. मग अर्धे पैसे रोख, अर्धं सामान कार्डावर आणून द्यायच्या, तांदूळ, तेल, साखर. कुंपणात पैसे होते मध्यमवर्गाचे, पण उपाशी राहिले कुंपणाबाहेरचे. डिसेंबरच्या मध्यावर दुकानं लुटायला सुरुवात झाली ती त्यातूनच.

१९ डिसेंबरला रात्री दे ला रुआंनी टीव्हीवर येऊन आणीबाणी जाहीर केली आणि त्यांचं भाषण संपतं न संपतं तोच खिडक्या-बाल्कन्यांतून पातेली वाजायला लागली. कासेरोला म्हणजे पातेलं, त्यावरून कासेरोलासो. लोक पातेली वाजवत रस्त्यावर आले आणि चालत चालत प्लासा दे मायोपर्यंत, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीपुढच्या चौकापर्यंत गेले. काव्हालोंनी त्याच रात्री राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष त्या कचेरीच्या, कासा रोसादाच्या, गच्चीवरून हेलिकॉप्टरने गेले. त्या दोन दिवसांत देशभरात ३९ माणसं मेली. यावर इथे कोणी हसत नाही.

रोखठोक_सातारा:
माहिती उत्तम, पण माझं एक म्हणणं आहे, राग मानू नका. ३९ माणसं गेली, लोकांची आयुष्यभराची कमाई अडकली, आणि त्याला नाव काय तर बाळाचं कुंपण? मला तर हा शब्द मिडियाने गोष्ट सौम्य करायला आणलाय असं वाटतं. सरळ लुबाडणूक म्हणायचं, जप्ती म्हणायचं. गोड नाव दिलं की धार जाते.

रानजाई:
रोखठोक दादा, मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण मला उलटं वाटतं. त्या काळात सरकारने स्वतः दिलेली नावं बघा. डिसेंबर २००० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं मोठं पॅकेज आलं, जवळपास ४० अब्ज डॉलरचं, त्याचं नाव ब्लिन्दाखे, म्हणजे चिलखत. जून २००१ मध्ये जुन्या कर्जाच्या बदल्यात नवं कर्ज, नाव मेगाकान्खे, महाअदलाबदल. मग जुलैत देफिसित सेरो, शून्य तूट, त्यात सरकारी पगार आणि पेन्शन १३ टक्क्यांनी कापली. सगळी नावं कशी भारदस्त, छाती काढून चालणारी. आणि त्या रांगेत लोकांच्या तोंडी शब्द आला तो हा एवढासा, घरातला. धार गेलेली नाही, धार त्यातच आहे. "तुम्ही आम्हाला रांगती पोरं समजलात" हे त्या -इतोमध्ये आलं. जप्ती म्हटलं असतं तर ते वकिलाचं भाषण झालं असतं, कोर्रालितो म्हटल्यावर पातेलं घेऊन बाहेर पडणाऱ्या आजीलाही कळलं की नेमकं काय केलंय.

रोखठोक_सातारा:
हम्म. चिलखत आणि शून्य तूट या शेजारी ठेवून बघितलं की पटतंय थोडं. तरी मला वाटतं बाहेरच्या देशातले पेपर वापरतात तेव्हा ती चीड त्यात राहत नाही, नुसता टेक्निकल शब्द उरतो.

लाप्लाताकाठी:
बाहेर गेल्यावर तसं होतं खरं. इथे नाही होत. सासूबाईंना विचारलं तुमचं म्हणणं, त्या म्हणाल्या लुबाडणूक शब्द होताच की, तो आम्ही बँकेच्या दारात ओरडायचो. ती घोषणा मला पण पाठ झालीये, "चोर्रोस, चोर्रोस, चोर्रोस, देव्हुएल्वान लोस आओर्रोस". म्हणजे चोरांनो चोरांनो, आमची बचत परत द्या. बँकांनी दारांवर आणि काचांवर पत्रे ठोकले होते आणि लोक त्या पत्र्यांवर हातोड्याने, पातेल्याने, चपलेने ठोकत हे म्हणायचे, आठवडेच्या आठवडे.

ठाणेकर_मी:
थांबा थांबा, चोर्रो म्हणजे चोर?? आपला चोर?

रानजाई:
हो, आणि हा नुसता योगायोग नाहीये. चोर्रो हा ब्युनोस आयर्सच्या बोलीतला, लुन्फार्दोतला शब्द. तो आला स्पेनच्या जिप्सींच्या कालो भाषेतून, तिथे चोरणे म्हणजे चोरार. कालो ही रोमानी भाषेची शाखा आणि रोमानी लोक मूळचे भारतातून गेलेले, त्यांच्या भाषेत चोर म्हणजे चोरच, संस्कृत चोर-चौर तेच. म्हणजे हा शब्द हजार वर्षं चालत इराण, तुर्कस्तान, युरोप करत स्पेनला पोचला, तिथून जहाजाने ब्युनोस आयर्सच्या लाप्लाता नदीकाठी, आणि २००२ मध्ये बँकेच्या पत्र्यावर आपटला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

उलट दिशेने पण आहे. आपला पगार पोर्तुगीज 'पागार'वरून, देणे, चुकते करणे. स्पॅनिशमध्ये तेच क्रियापद. लिलाव पण पोर्तुगीज लेइलांववरून. पैशाच्या व्यवहारातले शब्द दर्यावर्दी लोकांबरोबर आले आणि आपल्यात मुरले, आता कोणाला परके वाटत नाहीत.

ठाणेकर_मी:
कमाल आहे. आता या धाग्यात माझं पण लिहिते, कारण वाचताना सारखं बाबांचं आठवतंय. बाबांची रिटायरमेंटची रक्कम एका सहकारी बँकेत होती, नाव घेत नाही. एके दिवशी दारावर नोटीस, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, आणि रक्कम काढायला मर्यादा. बाबा रोज सकाळी जाऊन ती नोटीस वाचून यायचे, तीच नोटीस, काही बदललंय का बघायला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. आम्ही त्यांना म्हणायचो बाबा आमच्याकडे आहेत ना पैसे, तर ते म्हणायचे तुमचे आहेत ते, माझे तिकडे आहेत. लाप्लाताकाठी ताई, तुमच्या त्या पिन पाठ करणाऱ्या आजोबांचं वाचून फार भरून आलं. आपल्याकडे याला साधं नाव पण नाही हो, आम्ही घरात "बँकेचं झालं तेव्हा" असंच म्हणतो.

हिशेबनीस:
ताई, वाईट वाटलं वाचून. फरक एवढाच सांगतो, कमी-जास्त ठरवायला नाही. आपल्याकडे बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्टच्या कलम ३५ए खाली एकेका बँकेवर निर्बंध येतात. उदाहरणार्थ सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर आले तेव्हा सुरुवातीची मर्यादा सहा महिन्यांत मिळून १००० रुपये होती, ती नंतर टप्प्याटप्प्याने वाढवली. पण शेजारची बँक चालू असते, ज्याचं खातं तिथे आहे त्याचं काही अडत नाही. कोर्रालितो म्हणजे एकाच दिवशी देशातल्या सगळ्या बँका. मदतीला शेजारी पण तसाच अडकलेला. आणि आपल्याकडे त्यानंतर एक चांगलं झालं, फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा १ लाखाचा ५ लाख झाला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ती रक्कम मिळायची तरतूद झाली. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या ठेवी एकाच बँकेत आहेत त्यांनी कृपया ५ लाखाचा आकडा डोक्यात ठेवून वाटून ठेवा. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवून उपयोग नाही, बँकच वेगळी पाहिजे.

ठाणेकर_मी:
धन्यवाद दादा. हे सगळ्यांनी खरंच करा.

पालवी:
ठाणेकर, तुझं वाचून काय लिहावं कळत नाहीये. आईचं ऑपरेशन झालं ना नंतर?

ठाणेकर_मी:
हो झालं गं, आता जिने चढते.

उंबरठा:
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला, ग्रीसला हा शब्द का लावला. मी स्पॅनिश-इंग्रजी भाषांतराचं काम करतो, बँकांचे आणि वकिलांचे कागद. माझ्या अनुभवात आता हा शब्द कुठल्याही देशातल्या ठेवी काढण्यावरच्या बंदीला लावतात. मार्च २०१३ मध्ये सायप्रसच्या बँका जवळपास दोन आठवडे बंद होत्या आणि उघडल्यावर दिवसाला ३०० युरोची मर्यादा, तेव्हा स्पेनच्या पेपरांत कोर्रालितो चिप्रिओता. मग जून २०१५ अखेरीस ग्रीस, दिवसाला ६० युरो, कोर्रालितो ग्रिएगो. मधे २०१२ मध्ये स्पेनच्याच बँका डळमळीत झाल्या तेव्हा तिथले लोक आपल्याकडे पण कोर्रालितो येतो की काय म्हणून घाबरलेले. त्यांच्यासाठी तो परका शब्द नव्हताच, अर्जेंटिनात स्पेनच्या मोठ्या बँकांच्या शाखा होत्या आणि लाखो स्पॅनिश घरांचे नातेवाईक तिकडे. बातमी आणि शब्द दोन्ही फोनवरून घरात आलेले.

गंमत बघा, त्याच्या आधी मार्च १९९९ मध्ये एक्वादोरने बँका बंद करून ठेवी गोठवल्या होत्या, त्याला म्हणायचे फेरियादो बान्कारिओ, म्हणजे बँकेची सुट्टी. तो शब्द तेवढ्यापुरताच राहिला. हा मात्र जग फिरला.

पालवी:
ओह, म्हणजे आता जातिवाचक नामच झालंय. मग मराठीत भाषांतर काय कराल दादा?

उंबरठा:
बातमीत असेल तर मी "ठेवी काढण्यावर निर्बंध" लिहीन आणि पुढे कोर्रालितो तसाच ठेवीन. रानजाईंनी वर कोंडवाडा म्हटलंय तो मोहात पाडतो, पण कोंडवाड्यात मोकाट जनावर पकडून घालतात आणि मालक दंड भरून सोडवून आणतो, इथे दंड भरूनही सुटत नव्हतं.

रानजाई:
सहमत. तसाच ठेवा. कोंडवाडा फक्त कोर्रालसाठी ठीक.

हिशेबनीस:
लाप्लाताकाठी ताई, कोर्रालोन पण सांगा ना, तो खरा घाव होता.

लाप्लाताकाठी:
हो, सांगते. -इतो लहान करतो तसा -ओन मोठं करतो. कोर्रालोन म्हणजे मोठं आवार, इथे वाळू-विटांच्या वखारीला पण तोच शब्द.

दे ला रुआ धरून दोन आठवड्यांच्या आत पाच माणसं त्या खुर्चीवर बसली. त्यातल्या रोद्रिगेस साआंनी परदेशी कर्ज फेडणार नाही असं जाहीर केलं आणि संसदेने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग १ जानेवारी २००२ ला एदुआर्दो दुआल्दे निवडले गेले आणि त्यांनी संसदेत शब्द दिला, ज्याने डॉलर ठेवले त्याला डॉलर मिळतील, ज्याने पेसो ठेवले त्याला पेसो. सासूबाई म्हणतात त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली.

त्याच महिन्यात एकास एकचा कायदा गेला आणि मुदत ठेवींची परतफेड पुढच्या वर्षांवर ढकलली, तो कोर्रालोन. इथे बाळाला आत रांगायलाही जागा नाही, ठेव जिथे आहे तिथेच. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला २१४/२००२ हुकूम, डॉलरच्या ठेवी सक्तीने पेसोत, एका डॉलरला १.४० पेसो, वर महागाईप्रमाणे थोडी वाढ. बाजारात डॉलर चढत चढत २००२ च्या मध्याला ४ पेसोच्या जवळ गेला. म्हणजे १०,००० डॉलर ठेवलेल्या माणसाच्या नावावर १४,००० पेसो, ज्याचे बाजारात साडेतीन-पावणेचार हजार डॉलर आले असते, आणि ते पण हातात नाहीत. उलट ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज घेतलं होतं त्यांचं एकास एक पेसोत झालं. सासूबाईंच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं घराचं कर्ज असं हलकं झालं. जिन्यात भेटल्यावर दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत असे काही महिने गेले, भांडण काही नाही, पण बोलायचं काय? ऑक्टोबर २००२ ला देशातल्या शहरांतले ५७.५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते.

रोख काढण्यावरची बंदी, म्हणजे मूळ कोर्रालितो, २ डिसेंबर २००२ ला उठली. वर्ष आणि एक दिवस.

त्यानंतर इथल्या भाषेत पैशाचे जे शब्द ऐकू येतात ते सगळे बँकेबाहेरचे. कोल्चोन म्हणजे गादी, पैसे कुठे तर गादीत. आर्बोलितो म्हणजे छोटं झाड, फ्लोरिदा रस्त्यावर दिवसभर एका जागी उभे राहून "काम्बिओ, काम्बिओ" ओरडत हिरवे डॉलर विकणारे. कुएवा म्हणजे गुहा, ते ज्या मागच्या खोलीत नेतात ती. आणि २०११ पासून सरकारने डॉलर खरेदीवर बंधनं घातली त्याला सेपो, म्हणजे चाप, गाडीच्या चाकाला पोलीस लावतात तो. माझ्या नवऱ्याच्या पिढीतला माणूस पगार झाला की पहिलं काम डॉलर घेतो. मी सुरुवातीला एफडी करूया म्हटलं तर घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले.

रोखठोक_सातारा:
ताई, शेवटी पैसे मिळाले का हो सासूबाईंना? एवढं वाचल्यावर हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

लाप्लाताकाठी:
मिळाले, पण कोर्टातून. इथे आम्पारो म्हणून अर्ज असतो, घटनेने दिलेला हक्क मोडला की कोर्टाकडे संरक्षण मागायचं. लोकांनी हजारोंनी आम्पारो टाकले. १ फेब्रुवारी २००२ ला सुप्रीम कोर्टाने स्मिथ नावाच्या खटल्यात कोर्रालितो घटनाबाह्य ठरवला, लोकांना वाटलं सुटलो, तर २००४ मध्ये बुस्तोस खटल्यात त्याच कोर्टाने पेसोत बदलणं मान्य केलं. सासूबाईंच्या शेजारणीने तोवर वैतागून मिळेल ते घेतलं, तिला मुलीच्या लग्नाला हवे होते. सासूबाई चिकाटीच्या, नाही सोडलं. डिसेंबर २००६ च्या शेवटी मास्सा खटल्याचा निकाल लागला, १.४० पेसो, त्यावर महागाईची भर आणि वर्षाला ४ टक्के व्याज. हिशेब करता तेव्हाच्या भावाने जवळपास मूळ डॉलरइतके पेसो होत होते. त्या निकालाच्या जोरावर पुढच्या वर्षी त्यांना रक्कम मिळाली, वकिलाची फी जाऊन. शेजारणीच्या हातात त्याच्या निम्मेही आले नव्हते. त्या दोघी अजून एकत्र बाजारात जातात, आणि सासूबाई हा विषय तिच्यासमोर काढत नाहीत.